काचेवरचा श्वास

मित्रांनो, मी एक जुना व्होल्टमीटर आहे. विजेचा दाब मोजणे हे माझे काम. परळच्या एका तंत्रशाळेच्या कपाटात मी बसून असतो आणि माझ्या पेटीवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी डकवलेली आहे. ती पाहून मी बुचकळ्यात पडतो, कारण मी नादुरुस्त नाही. निदान मला तरी तसे वाटते. माझी हकीकत ऐका आणि तुम्हीच काय ते ठरवा.

माझा जन्म विलायतेतला. लाकडी पेटी, वर काच, आत घोड्याच्या नालेसारखा लोहचुंबक आणि त्याच्या दोन टोकांमध्ये केसाएवढ्या तारेची गुंडाळी. तिच्यात वीज आली की ती वळते आणि तिला जोडलेला माझा काटा आकड्यांवरून फिरतो. काट्याखाली आरशाची एक पट्टी आहे. काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक दिसेपर्यंत डोळा जवळ न्यायचा आणि मगच आकडा वाचायचा, अशी आमच्या घराण्याची शिस्त.

लालबागच्या एका गिरणीत मी वीस वर्षे काढली. तिथले सगळे मीटर माझ्याशी ताडून पाहत. मी म्हणेन ते खरे! मान असा होता की विचारू नका. आणि १९५८ साली, गणपती पोचवून आठ दिवस झाले नाहीत तोच माझा काटा साठाच्या पुढे जाईना. मी जोर लावी, काटा हटून बसे. असे का व्हावे, मला काही उमगेना.

"काढा याला मोडीत," वीजखात्याचे जगदीश साहेब म्हणाले.

तेव्हा राजाराम परब पुढे आला. हा आमच्या खात्यातला फिटर, कोकणातला. बोलणे कमी, हात मात्र सोन्यासारखा. तो म्हणाला, "साहेब, एक डाव मला बघू द्या."

"खंडेनवमीला पूजेआधी मी स्वतः तपासेन," साहेब म्हणाले. "बरा झाला, तर गिरणीतली सगळी मोजयंत्रं दुरुस्तीला तुमच्याच हाती. नाही झाला, तर हा भंगारात आणि तुम्ही पुन्हा मोटारींना तेल घालायला."

राजारामने मला चाळीतल्या खोलीत नेले. गिरणगावच्या हवेत कापूस उडतो, म्हणून त्याने खिडक्या लावून घेतल्या. घामाने निथळत त्याने माझी काच काढली. लोखंडी चिमटा चुंबकाकडे झेप घेतो, म्हणून त्याने बांबूची एक काडी तासून घेतली होती. खाली रस्त्यावर मोर्चा चालला होता. "झालाच पाहिजे! झालाच पाहिजे!" हजारो गळे ओरडत होते. मला वाटले, अख्ख्या लालबागला माझीच काळजी लागून राहिली आहे. मी अगदी गहिवरलो. ते संयुक्त महाराष्ट्राबद्दल होते हे पुढे समजले, तेव्हा जरा खट्टू झालो.

तिसऱ्या दिवशी काडीच्या टोकाला रोग लागला. चुंबक आणि गुंडाळीच्या मधल्या फटीत कापसाचा एक तंतू अडकला होता. साऱ्या गिरणगावाला पोसणारा कापूस, आणि त्याच्या एका तंतूने माझा गळा धरला होता! राजारामने तो अलगद काढला. काटा सुटला आणि काडीच्या हलक्या धक्क्याने शंभरापर्यंत जाऊन आला. राजारामची बायको सुंदराबाई हे सगळे डोळे विस्फारून पाहत होती.

खंडेनवमीच्या सकाळी राजाराम मला धुतलेल्या पंच्यात गुंडाळू लागला, तशी ती धावली.

"सुती फडक्यात नको हां! पुन्हा धागो शिरात."

"अगो, ता यंत्र आसा, नवरी नाय."

"तुमका काय कळता? धाग्यानच घात केलो ना?" असे म्हणून तिने ट्रंकेतून आपल्या लग्नातल्या शालूचा रेशमी तुकडा काढला आणि मला त्यात गुंडाळले. इतके लाड माझे विलायतेतही झाले नव्हते.

पाऊस केव्हाच सरला होता, हवा कोरडी तापलेली. साहेबांच्या टेबलावर मला ठेवून राजारामने रेशीम सोडले आणि त्याच रेशमाने माझी काच अभिमानाने खसखसून पुसली. सगळे वाकून पाहू लागले. मला एकही तार जोडलेली नव्हती आणि माझा काटा वीसवर उभा होता!

मित्रांनो, माझ्या मनाची काय अवस्था झाली असेल! गुंडाळीत विजेचा थेंब नाही, तरी कोणीतरी काट्याला वर ओढत होते. जन्मभर खरे बोललेला मी, आणि माझ्याच तोंडून खोटे निघत होते.

"तारा जोडल्या नाहीत आणि वीस?" साहेब कडाडले. "वीज काय तुमच्या खिशातून येते?"

राजारामचा चेहरा उतरला. गोंधळून त्याने काच पुन्हा पुसली. काटा तीसवर गेला! कोणीतरी फिदीफिदी हसले. भंगाराची गाडी मला डोळ्यांपुढे दिसू लागली.

"राहू दे, परब," साहेब म्हणाले.

पण राजाराम शिस्तीचा माणूस. एकदा आरशात नीट बघावे म्हणून तो अगदी काचेपाशी वाकला आणि त्याच्या तोंडून एक मोठा सुस्कारा निघाला. काच धुरकटली. आणि काटा शून्यावर आला.

"आता काय केलंत?"

"काही नाही साहेब. नुसता श्वास सोडला."

राजारामने हातातल्या रेशमाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्याने काच पुन्हा घासली, काटा चढला. फुंकर नव्हे, तोंडाची दमट वाफ सोडली, काटा उतरला. "साहेब, मीटर बरा आहे. रेशमाने काचेवर वीज बसते. वाफेने ती निघून जाते." साहेबांनी स्वतः तसे करून पाहिले. मग तारा जोडून नव्या मीटरशी मला ताडले. एका रेघेचाही फरक नव्हता.

"परब," साहेब म्हणाले, "पूजेचं पहिलं फूल तुम्हीच वाहा."

दुपारी गिरणीची सजावट बघायला घरोघरच्या बायका आल्या, त्यांत सुंदराबाईही होती. माझ्यावरचे झेंडूचे फूल बघून तिने हळूच विचारले, "माज्या शालूचो उपयोग झालो मा?"

"झालो तर!" राजाराम म्हणाला. "तो नसतो तर ह्या गुपित कळलाच नसता."

मला वाटले, सकाळी त्या रेशमानेच घोटाळा केला होता, हे खरे तो आता सांगेल. पण तो नुसता हसला. माणसे खोटे बोलूनही खरी कशी राहतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

पुढे राजाराम गेला, गिरणी गेली आणि मी या शाळेत आलो. इथेही खंडेनवमीला मला बाहेर काढतात, कोरड्या फडक्याने माझी काच मायेने घासतात. एका वर्षी काटा वीसवर चढला आणि चिठ्ठी डकवली गेली. संध्याकाळपर्यंत काटा आपसूक खाली येतो, पण तोवर कपाटाला कुलूप लागलेले असते. मला ओरडून सांगता येत नाही.

म्हणून मित्रांनो, यंदा खंडेनवमीला तिथे असाल, तर कपाट लावण्याआधी जवळ या. माझ्या काचेवर हळूच एक श्वास सोडा. काटा शून्यावर आला, तर ती चिठ्ठी तेवढी काढून टाका.