एक छिद्र की तीन

सबंध इस्पितळ तिला माघारी ‘एकछिद्री मॅडम’ म्हणायचं, आणि तिला ते ठाऊक होतं. तातडीनं अपेंडिक्स काढायचं तर बाकीचे सर्जन पोटाला तीन बारीक छिद्रं पाडून दुर्बीण आणि हत्यारं आत घालत; ही बाई सगळं बेंबीतल्या एकाच छिद्रातून उरकायची. वण दिसत नाही, दुखतं कमी, रोगी लवकर घरी! इथल्या दोन्ही पद्धतींच्या ऑपरेशनांची तुलना ती भाषणांत अशी मांडायची की तीनवाले खुर्चीत चुळबुळत.

आज सकाळी तिची स्वतःचीच लेक पोट धरून कॉलेजातून थेट इथे आली. अपेंडिक्स टम्म सुजलेलं, कधीही फुटेल असं. आपल्या माणसावर आपण सुरी चालवायची नाही हा इथला नियम, म्हणून सिनियर सर आले. ते जन्माचे तीनवाले.

“बोला मॅडम, एक की तीन? एकवालं तुमचं बघून थोडंफार केलंय मी.”

“एकच,” स्ट्रेचरवरून लेक कण्हत म्हणाली. “आई, तूच सांगतेस ना सगळ्यांना?”

“तीन,” आई म्हणाली. इतक्या पटकन, की तिची तीच दचकली.

सर मिशीत हसले. “आपला तो बाब्या, होय ना?”

ऑपरेशन थिएटरचं दार लागलं आणि तिच्या पायाला भिंगरी लागली. बाकावर बसली, उठली. पाण्याचा पेला भरला, तसाच ठेवला. मोबाइल उघडला, बंद केला. दाराला कान लावावा तर नर्स हसेल. आपण तीन का म्हणालो? सरांचा हात तीनमध्ये बसलेला, म्हणून. मग तिला आठवलं, तुलनेतली एकछिद्री ऑपरेशनं सगळी तिनं एकटीनं केली होती. तीनची मात्र कुणीकुणी, अगदी शिकाऊ डॉक्टरांनीसुद्धा. म्हणजे तुलना छिद्रांची नव्हतीच, हातांची होती. भाषण ऐकून किती जण गावोगाव एकच छिद्र पाडायला लागले असतील!

सर बाहेर आले. “आतड्याच्या मागे चिकटलं होतं हो. तीन होती म्हणून हात फिरवता आला. पोरगी ठणठणीत आहे.”

ती तिथेच, चारचौघांत रडली.

दुपारी लेकीनं चादर उचलून पट्ट्या मोजल्या. “तीन! मग दुसऱ्यांच्या पोरींना एकच का गं?”

“तिथे मी असते.”

“आणि तू नसतेस तिथे?”

आईनं चादर नीट केली, मग पुन्हा तीच नीट केली.

“तिथे तीन,” ती म्हणाली. “हात बसेपर्यंत तरी तीनच.”

हे वाक्य तिच्या एकाही भाषणात नव्हतं.