मार्चची दुसरी फेरी

मोतीराम दार लावून, टीव्ही बंद करून भिंतीला टेकून बसला होता. बाहेर गल्लीत जनगणनेच्या स्नेहल मॅडम आल्या होत्या.

फेब्रुवारीत त्या आल्या तेव्हा त्याच्या बायकोनं, रंगूबाईनं, त्यांना घरात घेऊन चहा पाजला होता. मॅडम विचारत होत्या आणि मोबाइलवर भरत होत्या. जमात मोतीरामनं सांगितली, कोकणा आदिवासी. मातृभाषा मात्र मराठी म्हणाला. सातपूरच्या कारखान्यात त्याच्या बोलीला हसायचे, तेव्हापासून ती फक्त घरात, बायकोशी. रंगूबाईला कुणाची भीड नव्हती.

"माझी कोकणी लिवा."

"गोव्याची?"

"गोवा कुनी पायलाय, बाई? सुरगाण्याची!"

मॅडम हसल्या. निघताना म्हणाल्या, "काका, मार्च लागला की परत येईन. मधे कुणी जन्मलं, कुणी गेलं, तर आकडा दुरुस्त करावा लागतो."

मधे रंगूबाईच गेली. मूलबाळ नव्हतं. भावकी आली, सगळं उरकून सुरगाण्याला परत गेली, दहाव्याला येतो म्हणून. 'ती गेली' असं मोतीरामनं तोंडानं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची पाळीच आली नव्हती, सगळ्यांना कळलेलं होतं. आता मॅडम विचारणार, आणि तो बोलला की तिचं नाव कटणार. तिच्याबरोबर तिनं सांगितलेली बोलीही.

दार वाजलं. "काका, आहात ना? शेजारच्या लताबाईंनी सांगितलं मला."

उठावंच लागलं.

"काकूंचं फार वाईट झालं," मॅडम हळू म्हणाल्या. "कधी झालं?"

"अठ्ठावीसला."

मॅडमनी मोबाइल काढला. मोतीराम त्यांच्या बोटाकडे बघत राहिला. बोट थांबलं.

"वेळ कोणती होती?"

"रातची. दवाखान्यात."

"बाराच्या आधी की नंतर?"

"नंतर. दोन वाजले आसतील. पण दिस कुठं उगवला व्हता? म्हंजे अठ्ठावीसच."

त्याच्या गावाकडे सूर्य वर आल्याशिवाय दुसरा दिवस धरत नाहीत. भावकीनं दहावाही तसाच धरला होता.

"काका, सरकारचा दिवस रात्री बाराला बदलतो. ती एक तारीख झाली. एक तारीख लागताना, रात्री बाराच्या ठोक्याला जे जिवंत होते, ते सगळे मोजायचे. काकू राहतील."

"राहतील म्हंजे?"

"नाव काढायचं नाही. घरात माणसं दोन. बदल नाही."

"आन तिनं सांगितलेली भाषा?"

"तीही राहील."

त्याला बरं वाटलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सवयीनं तिला हाक मारायला तो आत वळलासुद्धा. मग तिथंच थांबला.

मॅडम शेजारी गेल्या होत्या. लताबाईची सून उज्ज्वला बाळंत झाली होती.

"नातू कधी झाला, आजी?"

"एक तारखेला, सकाळच्याला. लिहा, लिहा!"

"मग नाही धरता येणार. बारानंतरचा आहे."

"अशी कशी तुमची गणती? हातपाय झाडतोय पोरगा! गेलेली धरता आन आलेला सोडता व्हय?"

एवढं बोलली आणि लताबाईनं जीभ चावली. मोतीराम दारात येऊन उभा होता.

"भाऊ, मी आपलं..."

"आसू द्या, लताबाई," तो म्हणाला. "गेलीच ती."