सखाबाईचं अर्धं तिकीट

माघातल्या एका सकाळी लाखांदूरच्या बाजारात सखाबाईची मासोळीची टोपली नऊ वाजायच्या आतच रिकामी झाली. एका खानावळवाल्याकडे पंगत होती. त्याने घासाघीस न करता सगळी रोहू उचलली. गावाकडची गाडी दुपारी बाराला. तोवर बाजारात बसून काय करायचं म्हणून ती एसटी स्टँडवर आली, तर समोर साकोलीची गाडी सुरू होऊन उभी होती. खिडकीजवळच्या जागा रिकाम्या होत्या. सखाबाई चढली आणि बसली. आपण काय केलं हे तिला गाडी लाखांदूरच्या बाहेर पडल्यावर कळलं.

कंडक्टर एक तरुण पोरगी होती. "कुठी जाता मावशी?"

"गाडी कुठवर जाते?"

"साकोली."

"तं साकोलीचंच दे. बायांले अर्धं लागते ना?"

"हो जी, अर्धंच लागते."

रिकामी टोपली पायाशी ठेवून सखाबाई बाहेर पाहत राहिली. मांडीवर ओझं नाही, कडेवर पोर नाही, पोचल्यावर कुणी कामाला जुंपणार नाही, असा प्रवास तिने छप्पन वर्षांत केला नव्हता. तशी ती पुष्कळ हिंडली होती. ढिवराच्या घरची ती. तळ्यातली मासोळी कमी झाली की नवरा मोतीलालसोबत मिरची तोडायला तेलंगणात जायची. तेरा वर्षं गेली. पण मुकादमाच्या टेम्पोत चाळीस माणसं कोंबलेली असत आणि वरून ताडपत्री ओढलेली असे. तेलंगण कसं दिसतं असं कुणी विचारलं असतं, तर लाल मिरची आणि ताडपत्रीची भोकं एवढंच तिला सांगता आलं असतं.

साकोलीत उतरून ती मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेली. कुठल्याकुठल्या मुलखातले ट्रक धडधडत जात होते. ते तिने बराच वेळ पाहिले, एक प्लेट तर्री-पोहे खाल्ले आणि परतीच्या गाडीत बसली.

घरी पोचली तेव्हा मोतीलाल तळ्याच्या पाळीवर जाळं दुरुस्त करत होता. बायको साकोलीला जाऊन आली हे ऐकून त्याने सुई थांबवली.

"कोन मेलं?"

"कोनी नाई मेलं."

"मंग कायले गेलती?"

"पाहाले."

"काय होतं तिथं?"

सखाबाईने विचार केला. "रस्ता होता. लय मोठा."

मोतीलालने पुढची गाठ मारली. त्याच्या लेखी विषय संपला.

सखाबाईचा मात्र संपला नाही. फागुनात पुन्हा जायचं तिने मनाशी ठरवलं. घरखर्चातून पैसा काढणं तिला पटणारं नव्हतं, म्हणून तिने तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असा तीस वर्षांचा खर्रा होता. पहिले आठ दिवस डोकं दुखलं, तोंडाला चव राहिली नाही, सून रंजूवर ती उगाच चिडली. पण महिना भरला तेव्हा जाण्यायेण्याचं तिकीट आणि वर चहापाणी निघत होतं. साकोलीपेक्षा मोतीलालला याचंच नवल जास्त वाटलं.

जायची रीत तिची तिनेच बसवली. पहिल्या गाडीने निघायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं. भात आणि वाळल्या झिंग्यांची चटणी डब्यात घ्यायची. ऑटोत बसायचं नाही, चालायचं. पाणी मागायला दुकानात न जाता एखाद्या घरी जायचं, कारण घरची बाई पाण्यासोबत गावाची माहितीही देते. लेक ममता जवाहरनगरला होती. जावई तिथल्या फॅक्टरीत ठेकेदाराकडे कामाला. चैतात सखाबाई तिकडे गेली तेव्हा नात गुड्डीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गाड्यांचे टाइम मोठ्या अक्षरांत लिहून दिले.

"आजी, शेवटची गाडी चुकली तर मुक्काम पडते हो," गुड्डीने बजावलं.

"माहाइतकी म्हातारी बाई गाडी चुकवते का?" सखाबाई म्हणाली.

पवनी झाली, भंडारा झालं, अड्याळ झालं. जिथे जाईल तिथे तळं असलं की ती आधी तळं पाही. पाळ किती उंच आहे, कमळ किती माजलंय, घाटावर कोण बसतं. घरी येऊन मोतीलालला सांगे. तो "हूं" म्हणे. शेजारची पार्वताबाई हसून म्हणायची, "सखाबाईच्या पायाले भिंगरी लागली बाप्पा!" आणि मग हळूच विचारायची, "पवनीले काय काय आहे जी?"

दर खेपेला सखाबाई नवऱ्याला म्हणायची, "चला ना. तुमालेबी आता अर्धंच लागते."

"जिथून पायानं वापस येता येते, तिथवरच मी जातो," मोतीलाल म्हणायचा.

तो असं का म्हणतो ते तिला माहीत होतं. मिरचीच्या शेवटच्या वर्षी मुकादमाने त्यांना एका फाट्यावर उतरवलं, दुसरी गाडी येऊन राहिली म्हणून सांगितलं आणि हिशेबाचे पैसे घेऊन पसार झाला. गाडी आली नाही. अनोळखी भाषेच्या मुलखातून दोघं दोन दिवस चालले. ममता तेव्हा आठ वर्षांची होती, तापाने फणफणलेली. मोतीलालने तिला खांद्यावरून उतरवलं नाही. रेल्वेच्या एका गँगमनने त्यांना भात घातला आणि वाटेला लावलं. त्यानंतर मोतीलाल कधी मिरचीला गेला नाही, आणि लाखांदूरपलीकडे कुठेही गेला नाही. ममताचं लग्नसुद्धा त्याने गावातच लावून घेतलं. सखाबाईने त्याला कधी जबरदस्ती केली नाही.

आश्विनात ती नवेगावबांधला गेली.

एवढं मोठं तळं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तीन अंगांनी डोंगर आणि मधे पाणीच पाणी. तिच्या गावच्या तळ्याएवढं पाणी तर त्याच्या एका कोपऱ्यात मावलं असतं. काठावर एक म्हातारी मासोळी निवडत बसली होती. गोदावरीबाई तिचं नाव. सखाबाई बाजूला बसली आणि न विचारताच निवडू लागली. तिचे हात पाहून गोदावरीबाईने ओळखलं. "आपल्यातलीच होय का जी?"

मग बोलणं सुरू झालं. जाळ्याच्या डोळ्यांपासून सुनांपर्यंत सगळं निघालं. ऊन डोंगरावर चढलं तेव्हा सखाबाई धडपडत उठली. स्टँडवर पोचली तर गाडी जाऊन अर्धा तास झाला होता. आता सकाळशिवाय काही नाही, असं पानठेलेवाल्याने सांगितलं.

ती घाबरली. फाट्यावरचा तो दिवस डोळ्यांपुढे आला. तिने ठेलेवाल्याच्या मोबाइलवरून शेजारच्या लिलाधरला फोन लावला. "त्याइले सांग, मी बरी आहो, सकाळच्या गाडीनं येईन." मग ती परत तळ्याकडे चालू लागली. गोदावरीबाई अर्ध्या वाटेवरच भेटली. गाडी चुकली असणार, हे तिला ठाऊकच होतं. "चाल," ती म्हणाली, "माह्या घरी भात कमी नाई."

सकाळी सखाबाईने साकोली गाठली आणि तिथून लाखांदूरची गाडी धरली. दोन्ही अंगांना धान निसवला होता, वर धुकं होतं. दिघोरीच्या आसपास गाडीने एक वळण घेतलं आणि समोरून रस्त्याच्या कडेने एक माणूस येताना दिसला. हातात काठी, खांद्यावर दुपट्टा, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. सखाबाईने आधी चाल ओळखली, मग माणूस.

"थांबवा! अजी, थांबवा गाडी! माहा मानूस होय तो!"

ड्रायव्हरने ब्रेक लावला. सखाबाई दारात उभी राहिली. मोतीलाल खाली उभा.

"लिलाधरनं निरोप नाई देला का?" तिने विचारलं.

"देला."

"मंग कुठी चालले?"

"तुले आनाले."

"पायी? नवेगावबांधले?"

"इचारत इचारत गेलो असतो," मोतीलाल म्हणाला. त्याच्या ओठांवर धूळ बसली होती. "गाडी येते मनून तं मुकादमनंबी सांगतलं होतं."

पहाटे चारला निघालेला माणूस होता. तिने हात पुढे केला. "चढा."

तो गाडीकडे पाहत राहिला. कंडक्टर काहीतरी बोलणार होता, पण ड्रायव्हरने त्याला हातानेच गप्प केलं. मोतीलालने काठी आधी वर दिली, मग दांडा धरला आणि चढला.

"याइचंबी अर्धं," सखाबाई म्हणाली.

"बाबांचं आधार कार्ड?" कंडक्टरने विचारलं.

मोतीलालच्या खिशात चुन्याची डबी होती आणि गूळभाकरीची पुरचुंडी. कार्ड घरी पेटीत. कंडक्टरने नाइलाजाने त्याचं पूर्ण तिकीट फाडलं.

"तुह्यं अर्धं, आन माह्यं पूरं?" मोतीलाल एवढ्या जोराने म्हणाला की मागच्या बाकावरची माणसं हसली. सखाबाईलाही हसू आलं. हसता हसता तिचे डोळे भरले. तिने पदर तोंडावर धरला.

तिने त्याला खिडकीजवळ बसवलं. बराच वेळ तो दोन्ही हातांनी पुढचा दांडा घट्ट धरून होता. मग एक हात सोडला.

"हे गाडी रोज येते?"

"रोज. दोनदा जाते, दोनदा येते."

"आपन नाई बसलो तरी?"

"तरीबी येते."

मोतीलाल खिडकीबाहेर पाहू लागला. आपण नसलो तरी जी गाडी येते, तिच्या भरवशाचा तो विचार करत होता. लाखांदूर येईपर्यंत त्याने पुरचुंडी सोडली आणि अर्धी भाकर तिच्या हातात ठेवली.

त्याची धास्ती एका दिवसात गेली, असं झालं नाही. दिवाळीनंतर सखाबाई दोनदा गेली ती एकटीच. मग धान कापून झाल्यावर, मार्गशीर्षात, एका सकाळी तो आंघोळ करून, पेटीतलं कार्ड खिशात घालून पाळीवर उभा राहिला. दोघं पवनीला गेले. गाडीत तो दोनदा म्हणाला की ड्रायव्हर फार जोरात चालवतो. पण वैनगंगेच्या घाटावर आपला डोंगा, छोटी नाव, दोरीने बांधणारा एक म्हातारा भेटला, आणि दोघांचं जमलं. सखाबाई एकटीच किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यापर्यंत फिरून आली, चहा पिऊन आली, तरी दोघं बोलतच होते.

आता तो वर्षातून तीन-चारदा जातो. बाकीच्या महिन्यांत सखाबाईसोबत पार्वताबाई असते. तिला वळणावर मळमळतं, म्हणून ती लिंबू नाकाशी धरून बसते आणि डोळे मिटूनच विचारते, "आता काय आलं जी?" सखाबाई खिडकीतून पाहते आणि तिला एकेक सांगत जाते.