पाहायला काय जातं!

मी सांगतोय त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आजवर कोणीच ठेवलेला नाही, आणि माझंही त्यावाचून काही अडलेलं नाही. पण तुमचा पंप खोलून बसलोच आहोत, तर ऐका.

बेकरीच्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी पोकरची दोन टेबलं लागायची. खिडकीजवळचं आमचं, लिमिटचं. पैज ठरलेली: एका वेळी दोन चकत्या, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या प्लास्टिकच्या टिकल्या; त्याहून जास्त लावायची सोयच नाही. त्यामुळे थाप मारून कोणाला पळवता येत नसे. समोरचा "पाहायला काय जातं!" म्हणायचा, दोन चकत्या टाकायचा आणि तुमची पानं बघायचा. खेळ इतका सावकाश, की आमचे मास्तर एका डावाला बसले तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. तो डाव त्यांच्या नातवाने संपवला.

भट्टीजवळचं टेबल बिनलिमिटचं. तिथे मनात आलं की समोरचा अख्खा ढीग पुढे लोटायचा. एकदा तिथे न्हाव्याला शिंक आली. डोळे उघडतो तो दुकान, खुर्ची आणि खुर्चीतलं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, सगळं दुसऱ्याचं झालेलं!

त्या टेबलाचे राजे म्हणजे आमचे व्याही. धंद्याने शिंपी. कापड इंचाइंचाने मोजणारा माणूस, पण पत्ते हाती आले की माप-बिप सगळं विसरायचा.

एका रविवारी त्यांच्याकडे माणूस कमी पडला.

"या की मिस्त्री," ते म्हणाले. "का विहीणबाईंना विचारून येता?"

आता यावर कोण उठून जाईल? बसलो. हातात आली दुर्रीची जोडी, जोड्यांमधली सगळ्यात हलकी. व्याह्यांनी ढीग लोटला. माझ्याकडे तेवढ्या चकत्या कुठल्या?

"हत्यारांची पेटी लावा," ते हसत म्हणाले.

पेटी! एकतीस वर्षं त्या पेटीवर घर चाललेलं. ती गेली की मी पंपमिस्त्री नव्हे, नुसता पंपाशेजारी बसलेला म्हातारा.

"टाका पानं," बेकरीवाला कानाशी कुजबुजला. "हे आपलं टेबल नव्हे, मिस्त्री!"

मीही 'सोडतो' म्हणायलाच तोंड उघडलं. पण जीभ लिमिटवर वाढलेली. बाहेर पडलं, "पाहायला काय जातं!"

खोली अशी चिडीचूप, की भट्टीतले पाव फुगायचे थांबले. व्याह्यांनी पानं उलटली. जोडी नाही, काही नाही, सगळ्यात मोठं पान गुलाम! निव्वळ थाप! त्यांची अर्धी मिशी जागच्या जागी पांढरी झाली. शिलाई मशीन देऊ करायला लागले. म्हटलं, "राहू द्या, घरातलाच मामला." पेटी खांद्यावर टाकली आणि ताठ मानेने घरी आलो. तेव्हापासून तिच्यातला एक नटसुद्धा परक्याच्या हाती—

"जिंकलात होय?"

मागे आमची मंडळी उभी. धापा टाकत तिने माझ्या हातात पाना ठेवला.

"हा घ्या. आणखी काही लागलं तर स्वतः जाऊन मागा, मी पुन्हा जायची नाही. आणि पाच वाजता दुकान बंद करतात, म्हणाले व्याही. त्याआधी पेटीत परत हवाय त्यांना."