तीन फूट पाणी

"लेखी द्या, मग उघडतो," झडपवाला तिसऱ्यांदा म्हणाला.

तलावाच्या बांधावर वसाहत समितीचे सातआठ जण त्याला घेरून उभे होते. सगळ्यांत पुढे त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान.

"घरच्या माणसाकडे लेखी मागतोस?" दाजी कडाडले. "तलाव आटला की रस्ता, रस्ता झाला की घरं. शेंबड्या पोरालाही कळतं!"

"दीड महिना थांबा, दाजी. पिल्लं उडाली की मी स्वतः उघडतो."

"शाळेत घालून मगच सोडा त्यांना, बगळोबा!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे खिदळले.

बावीस वर्षं तो ही झडप वरखाली करत होता. तलावाच्या मधल्या उंचवट्यावर दरवर्षी सुरय पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालायचे. भोवती तीन फूट पाणी असलं की वसाहतीतली कुत्री तिकडे फिरकत नसत. त्याचं सगळं काम त्या तीन फुटांत मावत होतं.

त्या दिवसापासून चहावाल्याने त्याच्याकडे बघणं सोडलं. न्हावी म्हणाला, "आज नंबर नाही लागायचा," आणि रिकाम्या खुर्चीवरचे केस झटकत राहिला. ताईने फोन उचलणं बंद केलं. बायको ताट आदळून म्हणाली, "जगाशी वैर घेतलंत आणि पाखरांशी सोयरीक केलीत. आता त्यांच्याच घरी जेवा!"

आठवड्याने पाटबंधारे कार्यालयातून निरोप आला: बैठकीला या. तो सकाळीच गेला. दुपारपर्यंत बाकावर बसून राहिला. शेवटी साहेब बाहेर आले आणि नजर चुकवत म्हणाले, "बैठक रद्द झाली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

तो तसाच तलावाकडे धावला.

झडपेचं कुलूप तोडलं होतं. झडप पूर्ण वर होती आणि ती खाली आणायचं चाक कुणीतरी काढून नेलं होतं. तलावात घोटाभर पाणी उरलं होतं, बाकी नुसता चिखल. पाच कुत्री त्यातून हुंगत उंचवट्याकडे निघाली होती.

त्याने कुंपणाची काठी उपसली आणि चिखलात उतरला. चपला पहिल्याच पावलांत गेल्या. ओरडत, पडत, उठत त्याने कुत्र्यांना गाठलं आणि मागे हुसकावलं. ती काठावर जाऊन बसली, तिथून हलेनात.

बांधावर माणसं जमली. दाजी तोंडाशी हात धरून ओरडले, "आज राखशील रे! उद्या काय करशील?"

"उद्याचं उद्या!"

"वर ये, मेल्या!" ताई किंचाळली. "तुझ्यापायी घरात मला तोंड वर काढता येत नाही!"

तो मागे सरत उंचवट्याच्या कडेपर्यंत गेला.

माणूस इतका जवळ आलेला पाहून सुरय खवळले. एकामागून एक पक्षी कर्कश ओरडत खाली येऊ लागला, टोकदार चोचीने त्याच्या डोक्यावर टोचू लागला. कानामागून रक्ताचा ओघळ आला. बांधावर हशा पिकला.

"बघा, बघा! ज्यांच्यासाठी मरतोय, तेच हाणतायत!"

त्याने सदरा काढून डोक्याला गुंडाळला आणि पक्ष्यांकडे पाठ करून, कुत्र्यांकडे तोंड करून, काठी रोवून उभा राहिला.