शोकप्रस्ताव

बाबांच्या छातीत दगड साठलाय, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आईला ते मुतखड्यासारखं काहीतरी वाटलं. "मग काढून टाका ना," ती म्हणाली. तो काढण्यातला नव्हता. फरशा कोरड्या कापणाऱ्या करवतीपुढे बाबांचा जन्म गेला होता आणि तिची धूळ श्वासागणिक आत उतरली होती.

कामगार खात्याने नियम केला तेव्हा ते खाटेला खिळले होते. पाणी सोडल्याशिवाय आणि धूळ ओढणारं यंत्र बसवल्याशिवाय दगड कापायचा नाही, असा नियम. मात्र कारखानदारांना भारी खर्चात पाडणारा तो 'मोठा नियम', म्हणून त्याला सभागृहाची मंजुरी हवी. अधिवेशन संपेपर्यंत ती मिळाली नाही, तर नियम रद्द. तो पटलावर ठेवल्याचं मी वाचून दाखवलं, तर बाबा म्हणाले, "ताट वाढलं म्हणायचं. आता जेवायला कोण बसतंय बघू."

ते गेले. त्यांच्या करवतीवर माझा धाकटा भाऊ लागला.

मालक भेटायला आला होता. "ताई, मंजुरी येऊ द्या, लगेच यंत्र बसवतो. कायद्याच्या पुढे मी कशाला धावू?"

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मी प्रेक्षक सज्जात जाऊन बसले. शेजारी एक म्हातारा बातमीदार होता. "विरोध कुणाचाच नाही," तो म्हणाला. "हात वर केले की झालं."

पण आधी अध्यक्षांनी शोकप्रस्ताव मांडला. एक माजी सदस्य आदल्या रात्री वारले होते. मग एकेक जण उठून बोलू लागला. कुणी त्यांचे विनोद सांगितले, कुणी त्यांची बागेची हौस. कधीही भरून न निघणारी पोकळी सगळ्यांनाच जाणवत होती. सभागृह उभं राहिलं. रखवालदाराने खूण केली, तशी मीही उभी राहिले. मग दिवंगतांच्या सन्मानार्थ बैठक तहकूब झाली.

"झालं," बातमीदार चष्मा पुसत म्हणाला. "संपलं अधिवेशन."

"आणि नियम?"

"तोही गेला. आता पुन्हा पहिल्यापासून."

"हातच तर वर करायचे होते."

"बाई, दुखवट्यात कामकाज होत नसतं. रीत आहे."

बाबा गेले त्या दिवशी करवत जेवणाच्या सुट्टीपलीकडे थांबली नव्हती.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. "किती वय होतं गं त्यांचं?"

"ब्याण्णव."

"भरलं हो आयुष्य," ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

सकाळी भाऊ डबा घेऊन निघाला. मी त्याच्या हातात रुमाल दिला. "ओला करून बांध तोंडाला."

"गुदमरतं त्याने," तो म्हणाला आणि रुमाल खिशात कोंबून गेला.