मागचा जिना

त्या इमारतीत वर जायचे दोन मार्ग होते. पुढून लिफ्ट, ती राहणाऱ्यांची. मागून जिना, तो कचऱ्याचा आणि जेवण पोचवणाऱ्यांचा. फाटकावर तशी पाटीच होती. ती ज्याने लिहवून घेतली त्याला आपण कचरा आणि जेवण एकाच ओळीत बसवलंय हे कधी खटकलं नसावं.

वहिनीला मात्र दर खेपेला खटकायचं. प्रत्येक वळणावर काळ्या पिशव्या टेकवून ठेवलेल्या असत. एखादी फाटून चहाचा चोथा, तान्ह्या मुलांचे लंगोट आणि माशांची खवलं पायरीवर आलेली. कठड्याला हात लावावा तर हात चिकटायचा. झुरळं भिंतीवरून अशी निवांत हिंडायची, जणू घरभाडं तीच भरतात. ओढणी नाकावर घट्ट बांधून, जेवणाची पिशवी छातीशी धरून वहिनी वर चढायची. उतरेपर्यंत तोंडातला श्वासही आपला वाटायचा नाही.

आधी हे काम तिचा धाकटा दीर करायचा. एका उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं, दीर त्यावर आदळला, मांडीचं हाड मोडलं, आणि त्याची स्कूटर घरासमोर नुसती धूळ खात राहिली. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरी आला तरी पाहुण्यासारखा. मग हिनेच किल्ली उचलली. हॉटेलांबाहेर ऑर्डरची वाट बघत बसणारे दिराचे सगळे दोस्त तिला वहिनी म्हणायचे, आणि तेच नाव पडलं.

दीर पलंगावर पडल्यापडल्या तिला धडे द्यायचा. "ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. चालवताना फोनकडे बघायचं नाही, बोंबलू दे त्याला. आणि गिऱ्हाइकाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, कितीही गोड बोलला तरी."

"गोड कोण बोलतंय?" वहिनी म्हणायची. "दारातच नाकाला रुमाल लावतात मेले."

रुमाल लावण्यात पहिला नंबर त्याच इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या अत्तरवाल्याचा. बाजारात त्याचं अत्तराचं मोठं दुकान होतं. स्वयंपाकघराचं मागचं दार तो बोटभर उघडायचा, पिशवीवर जंतुनाशकाचा फवारा मारायचा, मग वहिनीच्या हातांवर मारायचा, आणि मेलेला उंदीर उचलावा तशी पिशवी चिमटीत धरून आत न्यायचा. त्या फटीतून गुलाबाचा लोट बाहेर यायचा आणि जिन्यावरच्या कुजक्या वासात मिसळायचा. नुसती घाण परवडली, असं वहिनीला वाटे. घाणीला अत्तर लावलं की ती घशाशी येते.

त्या दुपारी अत्तरवाल्याचीच ऑर्डर होती, सूप आणि पाव. चौथ्या मजल्याच्या आधीच्या वळणावर वहिनी थबकली. वर दाराबाहेर त्याचा मोठा राखाडी कुत्रा कठड्याला बांधला होता. एरवी आतून भुंकायचा, तोच. आज तो पिशव्यांमध्ये, स्वतःच्याच घाणीत उभा होता. खालचा जबडा लोंबत होता, लाळेच्या तारा पायरीपर्यंत आल्या होत्या. पाण्याचं भांडं तसंच भरलेलं.

"साहेब," तिने खालूनच हाक मारली, "कुत्रा आत घ्या, मग वर येते."

दाराच्या फटीतून आवाज आला, "तो काही करत नाही. या वर. सूप गार होतंय."

"तो बरा दिसत नाही हो."

"पोट बिघडलंय त्याचं. घरात घाण करतो म्हणून बाहेर ठेवलाय. तुम्ही घाबरलात की तो घाबरतो. या, या."

खिशातला फोन उशीर झाला म्हणून किंचाळत होता. वहिनी भिंतीला पाठ घासत वर सरकली. दोरी दिसत होती त्याहून लांब निघाली. कुत्रा गुरगुरला नाही, भुंकला नाही. सरळ तिच्या पोटरीला चावला. पिशवी हातातून सुटली, सूप पायऱ्यांवरून खाली ओघळलं. वहिनीने हेल्मेट काढून त्याच्या डोक्यात हाणलं तेव्हा कुठे पाय सुटला. सलवार फाटून रक्त बुटात उतरत होतं.

आता दार सताड उघडलं. अत्तरवाल्याने आधी सूप बघितलं.

"सगळं सांडलंत की!"

"याला पिसाळू नये म्हणून देतात त्या सुया दिल्यात का?" वहिनीने दात आवळून विचारलं.

"आमचा घरातला कुत्रा आहे, रस्त्यावरचा नाही. सगळ्या दिल्यात." असं म्हणून त्याने हातातला फवारा तिच्या जखमेवर दोनदा मारला. "हे घ्या. जंतू मरतात याने."

जखम आगीसारखी पेटली. दार बंद झालं. वहिनी त्या सुपातून, त्या खवल्यांतून, भिंतीला धरून खाली आली. पायापेक्षा तिला तो फवारा जास्त झोंबला होता.

खाली म्हातारा रखवालदार मोटारी धुवायच्या नळापाशी बसला होता. तिचा पाय बघून तो उठलाच. "बोलत बसू नका. पाय नळाखाली धरा." कोठडीतून त्याने आपला अंगाचा साबण आणला. "चोळा. अजून चोळा. दुखू दे." मागून एका मोटारीने पोंगा वाजवला, नळ मोटारींसाठी आहे म्हणून. रखवालदाराने तिकडे पाठ केली.

मग तो हळूच म्हणाला, "कुत्रा बिघडलाय तो. पाणी पीत नाही. भुंकला तर आवाज फाटका येतो."

"मग कुणाला सांगायचं नाही का, काका?"

"त्यांनाच सांगितलं. म्हणाले, रखवालदाराने फाटक सांभाळावं."

तेवढ्यात फोनवर कंपनीचा प्रश्न आला, ऑर्डर का पोचली नाही. वहिनीने ओल्या बोटांनी लिहिलं, कुत्रा चावला. उत्तर लगेच आलं: गैरसोयीबद्दल खेद आहे, सांडलेल्या जेवणाचा फोटो पाठवा. पायाचा फोटो कुणी मागितला नाही.

दवाखान्यातली नर्स ठेंगणी आणि तोंडाने फटकळ होती. "किती वेळ धुतलं?"

"काकांचा साबण संपेपर्यंत."

"शाबास. बरेच जण हळद भरून येतात, नाहीतर नुसतेच रडत." तिने एक सुई दंडात दिली, आणि दुसरं औषध थेट जखमेत आणि जखमेच्या कडेकडेने टोचलं. वहिनीने ओढणीचा बोळा दातांत धरला होता. नर्स पट्टी बांधताना म्हणाली, "पुढची एकही सुई चुकवायची नाही. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. मेला, पळाला, काहीही झालं तर मला कळवा. आणि त्याचे दात किंवा लाळ अजून कुणाच्या जखमेला लागली असेल, तर त्यांनाही ओढून आणा. हा रोग एकदा दिसायला लागला की मग आमच्या हातात काही उरत नाही."

रात्री दीर तिच्या पायाकडे बघत बसला. त्या दिवशी त्याने एकही धडा दिला नाही. "मी असतो तर त्याच्या तोंडावर सूप फेकलं असतं," एवढंच म्हणाला.

"आणि कुत्र्याने तुला सोडलं असतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी लंगडत इमारतीत गेली. चौथ्या मजल्यावरची जागा फिनाईलने धुतलेली होती. दोरीही नव्हती.

"मित्राच्या शेतावर पाठवला म्हणे," खाली फाटकाशी रखवालदार म्हणाला. "पण मी कालपासून फाटकावरच आहे. या फाटकातून मांजरसुद्धा बाहेर गेलेली नाही."

तेवढ्यात झाडूवाली मावशी मागच्या बाजूने कचऱ्याची गाडी ढकलत आली. रोज सगळ्या मजल्यांवरच्या पिशव्या तीच खाली आणायची. "काय लोक आहेत बाई," ती कुरकुरत होती. "कचऱ्यालाही अत्तर लावतात. अख्खी बाटली ओतलीय. आणि जड तर एवढी, की ओढताना पिशवी फाटली. सगळं हातावर आलं माझ्या."

रखवालदार आणि वहिनी एकमेकांकडे बघत राहिले. मग त्याने काठीने पिशवीचं तोंड सारलं. एकात एक अशा दोन पिशव्या होत्या. आधी गुलाबाचा भपका आला, मग त्याच्या मागून दुसरा वास. आत राखाडी केस चिकट झाले होते. जीभ दातांत अडकून काळी पडली होती, आणि त्यावर भाजीची देठं, अंड्याची टरफलं, कालच्या पावाचे तुकडे. वरून लोकांना कचरा दिसावा म्हणून पसरलेले.

मावशी भिंतीकडे वळून भडाभडा ओकली. वहिनीला ओकारी आली नाही. आली असती तर बरं झालं असतं. ज्या हाताने या माणसाने मरणाऱ्या जनावराला पाणी पाजायचं, त्या हाताने त्याने बाटलीचं बूच उघडलं होतं. ते चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

मग तिचं लक्ष मावशीच्या हातांकडे गेलं. मोजे नव्हते. साबण-सोड्याने भेगाळलेली बोटं, त्यांतून रक्त आलेलं, आणि त्यावर पिशवीतला ओलावा.

"मावशी, तोंड नंतर पुसा. आधी हात धुवा. काका, नवा साबण!"

तिने नर्सला फोन लावला. कुणी हात लावू नका, नर्स म्हणाली, सरकारी जनावरांच्या दवाखान्याची माणसं येऊन तपासणीला नेतील. आणि त्या मावशींना घेऊन या.

वहिनी निघाली होती, पण फाटकाशी थांबली. वर अजून माणसं होती. तिला त्या दाराचं तोंडही बघायचं नव्हतं. तरी ती परत फिरली, आणि लिफ्टने वर गेली.

अत्तरवाल्याने पुढचं दार उघडलं आणि तो दचकला. "इथून कशा आलात?"

"लिफ्टने. कुत्रा कुठाय?"

"शेतावर पाठवला. मोकळ्या हवेत—"

"तुमचं शेत खाली कचऱ्याच्या गाडीत आहे."

त्याचा चेहरा पडला. पण क्षणभरच. आत जाऊन तो एक छोटी नक्षीदार बाटली घेऊन आला. "हे ठेवा. दुकानातलं सगळ्यात भारी आहे. विषय इथेच मिटवू. चार लोकांत नाव आहे माझं."

वहिनीने हात मागे घेतले. समोर गोम दिसावी तसे. "मी तुमचं काही घ्यायला आलेले नाही. घरात अजून कुणाला चावलाय? कुणाला ओरबाडलंय?"

"तुमचं काम दारात जेवण द्यायचं. आमच्या घरातल्या गोष्टी—"

"मला लागलाय," आतून बाईचा आवाज आला. त्याची बायको हाताला ओलं फडकं गुंडाळून उभी होती. "औषध भरवताना दात लागला."

"ओरखडा आहे तो. गप्प बस."

"आणि यांच्या हातावर भाजलंय, तिथे चाटलंय त्याने. मी बघितलंय." ती वहिनीशी बोलत होती, पण नवऱ्याकडे बघत होती. "कुत्र्याला एकही सुई दिलेली नाही. मी आठवण केली की म्हणायचे, घरातल्या कुत्र्याला काय होतंय."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. स्वच्छ दाढी, स्वच्छ नखं, इस्त्रीचा सदरा. एवढा धुतलेला माणूस तिने कधी बघितला नव्हता, आणि एवढी शिसारीही तिला कधी आली नव्हती.

"चला माझ्याबरोबर," ती बाईला म्हणाली. "साहेब, तुम्हीही चला."

"मला काही झालेलं नाही. आणि तू जाणार? या डिलिव्हरीवालीबरोबर? त्या झाडूवालीबरोबर? लोक काय म्हणतील?"

"उद्या मी पाण्याला घाबरून मेले, की काय म्हणतील?" बायकोने चपला पायात सरकवल्या.

तिघी एका टॅक्सीत बसल्या. अत्तरवालीच्या अंगाला घरातला वास होता. मावशीने काच पूर्ण खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. "रागावू नका बाई," ती म्हणाली, "पण आता जन्मात मला गुलाब सोसायचा नाही." अत्तरवाली ओढणीने आपली मान घासत राहिली, कातडी लाल होईपर्यंत.

तपासणीत कुत्रा पिसाळलेलाच निघाला. तिघींनी सगळ्या सुया घेतल्या आणि तिघी धडधाकट राहिल्या. मधल्या काळात अत्तरवाल्याने तक्रार केली, की ऑर्डर नसताना ही बाई घरात घुसली आणि धमकावलं. कंपनीने चौकशी न करता वहिनीचं खातं बंद केलं. चोराच्या उलट्या बोंबा, पण फोनला चोर आणि साव कुठे ओळखता येतात?

ही गोष्ट दिराने पलंगावरूनच आपल्या दोस्तांना सांगितली, एकेकाला फोन करून. त्यांनी काही घोषणा दिल्या नाहीत. त्या इमारतीची ऑर्डर आली की घेईनासे झाले, एवढंच. आधी लोक चिडले, मग उपाशी राहिले, मग फाटकाशी येऊन भांडले. रखवालदाराने शांतपणे सांगितलं, "मागच्या जिन्यावरून काय खाली आलं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं." शेवटी पाटी निघाली. जिना घासून घेतला गेला. मावशीला रबरी मोजे मिळाले, तेही दोन नंबर मोठे. वहिनीचं खातं उघडलं आणि फोनवर निरोप आला, 'पुन्हा स्वागत आहे.' माफीचा शब्द नव्हता.

पाय बरा झाल्यावर एका दुपारी वहिनी हॉटेलच्या काउंटरपाशी ऑर्डरसाठी उभी होती. शेजारी अत्तरवाला होता. त्याच्या घरी अजून कुणी जेवण नेत नव्हतं, म्हणून स्वतः न्यायला आला होता. घामाने भिजलेल्या पोरांच्या गर्दीत अंग चोरून, नाकाला रुमाल लावून. वहिनीला बघून त्याने मान वळवली.

तिला अजूनही त्याची किळस येत होती. एक पाऊल बाजूला व्हावं असं वाटत होतं. तरी तिने विचारलं, "तुम्ही सुया घेतल्यात का?"

त्याने आजूबाजूला बघितलं. मग रुमालातूनच म्हणाला, "घेतल्या. गुपचूप. एक राहिलीय."

"कधीची?"

"गेल्या आठवड्यातली. दुकानात गडबड होती."

काउंटरवरून वहिनीची पिशवी आली. तिने ती उचलली, हेल्मेट घातलं. "आज जा," ती म्हणाली. "दवाखाना संध्याकाळपर्यंत उघडा असतो." आणि त्याचं उत्तर न ऐकता बाहेर पडून तिने स्कूटर सुरू केली.